कन्सोलचा वायरलेस कंट्रोलर पीसीला जोडताना: आधी जोडणी, मग भाषा

ब्लूटूथच्या यादीत कंट्रोलरच्या नावाखाली ‘कनेक्टेड’ दिसतं, कंट्रोलरचा दिवा स्थिर जळतो, आणि गेममधलं पात्र मात्र जागचं हलत नाही. पीसीवर कंट्रोलर वापरू पाहणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. मग ड्रायव्हर शोधणं, ब्लूटूथ बंद-चालू करणं, पुन्हा पेअर करणं असं चक्र सुरू होतं. खरं तर त्या वेळी ब्लूटूथचं काम कधीच संपलेलं असतं आणि अडचण दुसरीकडेच असते.

म्हणून सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करून घ्या. पहिला, कंट्रोलरचा सिग्नल पीसीपर्यंत पोहोचतोय का? दुसरा, पोहोचलेला सिग्नल गेमला कळतोय का? पहिला प्रश्न रेडिओचा आहे, दुसरा भाषेचा. पहिल्याचं उत्तर पक्कं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. हा लेख त्याच क्रमाने जातो. बहुतेक सूचना विंडोज १० आणि ११ साठी आहेत, लिनक्सबद्दल शेवटी लिहिलं आहे.

हातातला कंट्रोलर नेमका कोणता?

बाहेरून सारखे दिसणारे कंट्रोलर आतून फार वेगळे असतात. त्यामुळे काहीही जोडण्याआधी हातातला कंट्रोलर नीट ओळखून घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ एक्सबॉक्सच्या बाबतीत होतो. २०१३ साली एक्सबॉक्स वनसोबत आलेल्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नाही. ३.५ मिमीचं हेडफोन जॅक असलेली त्याची सुधारित आवृत्ती आली, तिच्यातही नाही. ब्लूटूथ आलं ते २०१६ मध्ये, एक्सबॉक्स वन एससोबतच्या कंट्रोलरमध्ये. फरक ओळखायला मॉडेल क्रमांक शोधत बसायची गरज नाही. मधलं गोल लोगोचं बटण उजेडात धरून बघा. त्याच्याभोवतीचं प्लास्टिक वरच्या बंपर बटणांसारखं चकचकीत असेल आणि त्या पट्टीची शिवण कंट्रोलरच्या अंगावर वेगळी दिसत असेल, तर तो जुना, बिनब्लूटूथचा. लोगोभोवतीचं प्लास्टिक बाकीच्या दर्शनी भागाचंच, एकसंध असेल, तर ब्लूटूथ आहे. २०२० नंतरच्या सिरीज एक्स आणि एसच्या कंट्रोलरमध्ये मध्यभागी शेअरचं बटण आणि वर यूएसबी-सी पोर्ट असतं. त्यातही ब्लूटूथ आहे.

जुना, बिनब्लूटूथचा एक्सबॉक्स कंट्रोलर वायरलेस वापरायचा तर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वायरलेस ॲडॅप्टरच लागतो. हा यूएसबीत लावायचा छोटा डोंगल एक्सबॉक्सची स्वतःची रेडिओ पद्धत वापरतो आणि एका वेळी ८ कंट्रोलर सांभाळतो. ब्लूटूथ असलेले कंट्रोलरही त्याला जोडता येतात. दोन-तीन जण मिळून खेळणार असाल, किंवा कंट्रोलरला लावलेल्या हेडफोनमधून वायरलेस आवाज हवा असेल, तर ब्लूटूथपेक्षा हा मार्ग निःसंशय चांगला. ब्लूटूथवर एक्सबॉक्स कंट्रोलरचं हेडफोन जॅक चालत नाही.

त्याहून जुना एक्सबॉक्स ३६० चा वायरलेस कंट्रोलर हा वेगळाच प्रकार आहे. त्याला त्याचाच रिसीव्हर लागतो. त्याच्यासोबत मिळणारी चार्जिंगची केबल यूएसबीत जाते, दिवाही लागतो, पण ती फक्त वीज नेते, डेटा नेत नाही. ती केबल लावून पीसीने कंट्रोलर ओळखायची वाट पाहणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. ओळखणार नाही. रिसीव्हर मिळवा किंवा तो नाद सोडा.

प्लेस्टेशनचं चित्र सोपं आहे. प्लेस्टेशन ४ चा ड्युअलशॉक ४ आणि प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स या दोन्ही कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ आहे आणि दोन्ही पीसीला सरळ पेअर होतात. त्याआधीच्या प्लेस्टेशन ३ च्या ड्युअलशॉक ३ चं ब्लूटूथ मात्र नेहमीच्या रीतीने पेअर होत नाही, त्याला वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. पहिल्यांदाच हे करत असाल तर त्याच्यापासून सुरुवात करू नका. निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलरही ब्लूटूथवर जोडला जातो.

ब्लूटूथवर पेअर करणं

पेअर करण्याआधी दोन गोष्टी करा. ज्या कन्सोलला कंट्रोलर जोडलेला होता, तो कन्सोल पूर्ण बंद करा, कारण स्लीपमध्ये असलेला कन्सोल कंट्रोलरला पुन्हा ओढून घेऊ शकतो. आणि पीसीच्या ब्लूटूथ यादीत या कंट्रोलरची जुनी नोंद असेल तर ती आधी काढून टाका.

नोंद काढण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पेअर होताना दोन्ही बाजू एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. मधल्या काळात कंट्रोलर दुसऱ्या यंत्राला पेअर झाला, तर त्याच्याकडची किल्ली बदलते आणि पीसीकडे जुनीच राहते. मग पीसीच्या यादीत कंट्रोलर दिसतो, एक क्षण जोडला जातो आणि लगेच तुटतो. नुसतं ‘कनेक्ट’ दाबत राहून हे कधीच सुटत नाही. जुनी नोंद काढून नव्याने पेअर केलं की एका मिनिटात सुटतं.

आता कंट्रोलरला पेअरिंगच्या अवस्थेत न्या.

एक्सबॉक्स: लोगोचं बटण दाबून चालू करा. मग वरच्या कडेला, यूएसबी पोर्टच्या बाजूला असलेलं छोटं पेअर बटण साधारण ३ सेकंद दाबून धरा. लोगो भराभर लुकलुकायला लागला पाहिजे. तो सावकाश लुकलुकत असेल, तर कंट्रोलर अजून जुन्याच जोडीदाराला शोधतोय. बटण पुन्हा दाबून धरा.

ड्युअलशॉक ४: कंट्रोलर बंद असताना पीएस (मधलं प्लेस्टेशनच्या लोगोचं) आणि शेअर ही दोन्ही बटणं एकत्र दाबून धरा, पुढचा दिवा दोन-दोनदा झटपट चमकेपर्यंत. ड्युअलसेन्ससाठी हीच कृती पीएस आणि क्रिएट बटणांनी करायची. क्रिएट म्हणजे टचपॅडच्या डावीकडचं लहान बटण.

स्विच प्रो: वर यूएसबी-सी पोर्टशेजारी एक लहान गोल सिंक बटण आहे. खालचे चार हिरवे दिवे या टोकापासून त्या टोकापर्यंत पळू लागेपर्यंत ते दाबून धरा.

मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, त्यात ब्लूटूथ, त्यात ‘ॲड डिव्हाइस’ आणि पुन्हा ‘ब्लूटूथ’ निवडा. एक्सबॉक्सचा कंट्रोलर स्वतःच्या नावाने दिसतो. ड्युअलशॉक ४ मात्र नुसतं ‘वायरलेस कंट्रोलर’ असं नाव दाखवतो, स्विचचा ‘प्रो कंट्रोलर’ म्हणून येतो. विंडोज ११ मध्ये यादीत काहीच येत नसेल, तर ब्लूटूथच्याच पानावर खाली ‘डिव्हाइसेस डिस्कव्हरी’ असा पर्याय आहे. तो ‘डिफॉल्ट’वरून ‘ॲडव्हान्स्ड’वर न्या. डिफॉल्टमध्ये विंडोज काही उपकरणं यादीतून लपवतं.

स्विच प्रो जोडला गेल्यावरही त्याचे दिवे पळतच राहिले तर घाबरू नका. खेळाडूचा क्रमांक देण्याचं काम कन्सोल करतो, विंडोज आपण होऊन करत नाही. दिवे पळत असले तरी कंट्रोलर जोडलेला असतो.

गेम उघडण्याआधी एक चाचणी

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ हीच वाचवते. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजीत जे-ओ-वाय, मग टिंब, मग सी-पी-एल अशी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. गेम कंट्रोलरची एक जुनाट दिसणारी खिडकी उघडते. यादीतला तुमचा कंट्रोलर निवडून ‘प्रॉपर्टीज’ दाबा.

आता डावी स्टिक सावकाश गोल फिरवा. चौकोनातलं अधिकचं चिन्ह तिच्यासोबत फिरलं पाहिजे. एकेक बटण दाबा, लाल दिवे एकामागून एक उजळतील. सगळं नीट चाललं, की पहिला प्रश्न संपला. सिग्नल पोहोचतोय. यापुढे गेममध्ये काही बिघडलं तर ब्लूटूथला हात लावायचा नाही.

इथे एक गोष्ट बघून अनेकांना कंट्रोलर बिघडल्यासारखं वाटतं. एक्सबॉक्स कंट्रोलरचा डावा ट्रिगर, म्हणजे बंपरच्या खालचं बोटाने ओढायचं बटण, दाबला की या खिडकीतली एक पट्टी एका बाजूला सरकते, उजवा दाबला की तीच पट्टी उलट सरकते, आणि दोन्ही एकत्र दाबले की मध्यावर येऊन थांबते. हा बिघाड नाही. जुन्या पद्धतीत दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर बसवलेले आहेत, म्हणून ते एकमेकांना रद्द करतात. गेममध्ये ते वेगवेगळेच चालतात.

स्टिकला हात न लावता अधिकचं चिन्ह मध्यापासून सरकलेलं असेल, किंवा थरथरत असेल, तर तो ड्रिफ्ट. थोडा असेल तर गेमच्या किंवा स्टीमच्या (पीसीवर गेम विकत घेऊन चालवायच्या ॲपच्या) सेटिंगमध्ये डेडझोन किंचित वाढवा, म्हणजे मध्याजवळची बारीक हालचाल दुर्लक्षित होते. जास्त असेल तर स्टिकच झिजली आहे.

आता भाषा

विंडोजवर कंट्रोलरशी बोलायच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. जुनी डायरेक्टइनपुट, आणि एक्सबॉक्स ३६० च्या काळात मायक्रोसॉफ्टने आणलेली एक्सइनपुट. डायरेक्टइनपुटमध्ये कंट्रोलर फक्त ‘बटण १, बटण २, अक्ष एक्स’ एवढंच सांगतो. कोणतं बटण कशासाठी, हे गेमला माहीत नसतं. एक्सइनपुटमध्ये ए, बी, एक्स, वाय, दोन बंपर, दोन ट्रिगर असा ठरलेला साचा आहे. साचा ठरलेला असल्याने गेम बनवणाऱ्यांचं काम सोपं झालं, आणि पीसीवरचे बहुतेक गेम तोच साचा धरून बनले. एक्सइनपुट एका वेळी चारच कंट्रोलर ओळखतं, हेही लक्षात असू द्या.

म्हणून एक्सबॉक्सचा कंट्रोलर जोडला की गेम लगेच चालतो, आणि प्लेस्टेशनचा किंवा स्विचचा कंट्रोलर चाचणीच्या खिडकीत नीट चालूनही गेममध्ये मुका राहतो. तो वेगळ्या भाषेत बोलतोय. मध्ये दुभाषा हवा.

सर्वांत सोपा दुभाषा म्हणजे स्टीम. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोलर’ विभागात जा. तिथे प्लेस्टेशन, स्विच प्रो आणि एक्सबॉक्स कंट्रोलरसाठी स्टीम इनपुट सुरू करण्याचे वेगवेगळे पर्याय आहेत. आपल्या कंट्रोलरचा चालू करा. त्यानंतर स्टीममधून सुरू केलेल्या गेमला एक्सबॉक्सचाच कंट्रोलर जोडल्यासारखं वाटतं. स्टीमबाहेरून घेतलेला गेमही स्टीमच्या लायब्ररीत ‘नॉन-स्टीम गेम’ म्हणून टाकून तिथून सुरू करता येतो.

स्विचच्या कंट्रोलरवर ए आणि बी, तसेच एक्स आणि वाय यांच्या जागा एक्सबॉक्सच्या नेमक्या उलट आहेत. गेम पडद्यावर ‘ए दाबा’ म्हणतो आणि तुमच्या कंट्रोलरवरचं ए तिसरंच काहीतरी करतं. स्टीममध्ये निन्टेन्डोची बटणरचना वापरण्याचा पर्याय आहे. मला विचाराल तर आधी तो बंद ठेवून जागेवरून खेळून बघा. बोटांना अक्षरांपेक्षा जागा लवकर पाठ होते. आणखी एक अडचण अशी, की स्विच प्रोचे ट्रिगर फक्त दाबलेले किंवा सोडलेले एवढंच सांगतात, किती दाबले ते नाही. गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये ॲक्सिलरेटर थोडासाच दाबता येणार नाही. त्या खेळांसाठी एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशनचा कंट्रोलरच बरा.

स्टीम वापरायचं नसेल, किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या गेमसारखा एखादा गेम स्टीमला दाद देत नसेल, तर प्लेस्टेशनच्या कंट्रोलरसाठी डीएस४विंडोज नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते पीसीत एक आभासी एक्सबॉक्स कंट्रोलर तयार करतं आणि तुमच्या कंट्रोलरचे इशारे त्याच्याकडे वळवतं.

इथून एक नवा घोळ सुरू होतो. पीसीला आता दोन कंट्रोलर दिसतात, एक खरा आणि एक आभासी. काही गेम दोघांचंही ऐकतात. मेनूत एकदा खाली दाबलं की निवड दोन घरं उतरते, किंवा बटण दाबलं की खिडकी उघडून त्याच क्षणी बंद होते. हे दुहेरी इनपुट. उपाय हिडहाइड नावाचा छोटा ड्रायव्हर. तो खरा कंट्रोलर गेमपासून लपवतो. पण क्रम पाळा: आधी हिडहाइडच्या परवानगीच्या यादीत डीएस४विंडोज टाका, नंतरच कंट्रोलर लपवा. उलट केलंत तर डीएस४विंडोजलाही कंट्रोलर दिसेनासा होतो.

दुहेरी इनपुटचं दुसरं, अगदी साधं कारण म्हणजे स्टीम इनपुट आणि डीएस४विंडोज दोन्ही एकदम चालू असणं. एका वेळी एकच दुभाषा ठेवा. आणि ज्या गेमला ड्युअलसेन्स मुळातच कळतो, त्यासाठी तर एकही नको. स्टीममध्ये त्या गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कंट्रोलर’खाली फक्त त्याच्यापुरतं स्टीम इनपुट बंद करता येतं. अशा गेममध्ये पडद्यावर त्रिकोण, चौकोन, गोल, फुली दिसतात. ड्युअलसेन्सच्या ट्रिगरचा बदलता ताण आणि बारीक कंपनं हवी असतील, तर केबल लावून खेळा. अनेक पीसी गेम हे दोन्ही फक्त केबलवरच देतात.

केबल लावल्यावर पीसीचा आवाज अचानक गेला, तर स्पीकर बिघडला असं समजू नका. ड्युअलसेन्समध्ये स्वतःचा स्पीकर आहे, आणि विंडोज कधी कधी त्यालाच मुख्य आवाजाचं साधन ठरवून टाकतं. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावरून पुन्हा तुमचा स्पीकर निवडा.

मध्येच तुटतं, उशिरा पोहोचतं

माझ्या डेस्कटॉपला कंट्रोलर जोडला, तेव्हा तीन हातांवर बसलं की स्टिक अडकायची. पात्र एका दिशेला चालत राहायचं, मी बोट काढलं तरी. दोन संध्याकाळी ड्रायव्हर बदलण्यात गेल्या. शेवटी कॅबिनेटची मागची बाजू बघितली, तर मदरबोर्डची दोन्ही अँटेनाची पितळी टोकं मोकळी होती. अँटेना खोक्यातच पडलेल्या. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात आणि त्याच अँटेना वापरतात. मी केबलवरचं इंटरनेट वापरत होतो, त्यामुळे वायफायची अडचण कधी जाणवलीच नाही. अँटेना फिरवून घट्ट बसवल्या आणि त्रास तिथेच थांबला. तुमचा पीसी डेस्कटॉप असेल तर सगळ्यात आधी तिथे बघा.

यूएसबीचा ब्लूटूथ डोंगल वापरत असाल तर त्याची जागा महत्त्वाची. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि यूएसबी ३.० ची पोर्ट, केबल आणि हार्ड डिस्क नेमक्या त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. डोंगल कॅबिनेटच्या मागे, पत्र्याला चिकटून, शेजारी बाहेरची हार्ड डिस्क लावलेली, म्हणजे सिग्नलच्या वाटेत सगळे अडथळे एकत्र. यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल टेबलावर, कंट्रोलरला समोरून दिसेल असा ठेवा. मी आजवर सुचवलेल्या उपायांत सगळ्यात जास्त वेळा हाच लागू पडला. वायफायही २.४ वरून ५ गिगाहर्ट्झवर नेता आलं तर गर्दी आणखी कमी होते.

कंट्रोलर थोड्या थोड्या वेळाने आपोआप तुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ ॲडॅप्टरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब बघा आणि वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. लॅपटॉपवर हे हमखास तपासा. एक्सबॉक्सचा कंट्रोलर मात्र १५ मिनिटं हात लावला नाही की स्वतःहून बंद होतो, तो दोष नाही. त्याच कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, एक्सबॉक्स ॲक्सेसरीज ॲपमधून अद्ययावत करता येतं, ड्युअलसेन्ससाठी सोनीचं वेगळं ॲप आहे. दोन्हींसाठी केबल लावून बसा.

बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होत असेल, तर अंदाज न बांधता एक प्रयोग करा. तोच गेम, तोच प्रसंग, आधी वायरलेस आणि मग केबल लावून खेळा. केबलने उशीर गेला तर दोष रेडिओचा, वरचे उपाय करा. केबल लावूनही उशीर तसाच असेल तर कंट्रोलर निर्दोष आहे. पीसी टीव्हीला जोडला असेल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, मग गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमधलं व्ही-सिंक (चित्र पडद्याच्या गतीशी जुळवून दाखवणारा पर्याय) बंद करून बघा.

ड्युअलशॉक ४ किंवा ड्युअलसेन्स काही केल्या पेअरच होत नसेल, तर मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. कंट्रोलर बंद करून त्यात पिन घालून आतलं बटण सुमारे ५ सेकंद दाबून धरा, आणि मग नव्याने सुरुवात करा.

लिनक्सवर, आणि परत कन्सोलवर

लिनक्सवर बरंचसं काम आता कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, करतो. ड्युअलसेन्सचा सोनीने दिलेला ड्रायव्हर कर्नल ५.१२ पासून आहे, स्विचचा ५.१६ पासून. ब्लूटूथवरच्या एक्सबॉक्स कंट्रोलरला त्रास झाला तर एक्सपॅडनिओ, आणि मायक्रोसॉफ्टच्या डोंगलसाठी एक्सवन हे ड्रायव्हर वेगळे बसवावे लागतात. भाषेचं काम इथेही स्टीमच सांभाळतं.

कंट्रोलर पुन्हा कन्सोलला न्यायचा असेल, तर प्लेस्टेशनला केबलने जोडून पीएस बटण दाबा, जुनं नातं परत जुळतं. ड्युअलशॉक ४ एका वेळी एकच जोडीदार लक्षात ठेवतो, म्हणून त्यानंतर पीसीवर यायचं तर पेअरिंग पुन्हा करावं लागेल, जुनी नोंद काढून. एक्सबॉक्स सिरीजच्या कंट्रोलरची मात्र सोय चांगली आहे. तो कन्सोल आणि ब्लूटूथचं यंत्र दोन्ही लक्षात ठेवतो. पेअरचं छोटं बटण पटापट दोनदा दाबलं की एकावरून दुसऱ्याकडे जातो.